शेवाळावर गेरू

रिसॉर्टवाल्या शेठने मला फसवलं आणि माझ्या तोंडून नानांना फसवलं. बिल पूर्ण मिळालं, तेव्हा तक्रार पैशांची नाही. शब्द माझा गेला.

मी मुरूडजवळ नर्सरी चालवते, बागांची कंत्राटं घेते. सुरुवात हातगाडीवर जास्वंदीची रोपं विकून केली, त्यामुळे घासाघीस अंगातच भिनली आहे. शेठ जपान फिरून आले होते. रिसॉर्टमध्ये त्यांना तसाच बगीचा हवा होता. अशा बागेत फुलं जवळजवळ नसतात. दगड, वाळू, पाणी, शेवाळ, बस. दगड खाणीतून फोडून आणलेला चालत नाही. ऊनपाऊस खाल्लेला, अंगावर शेवाळ धरलेला लागतो. त्याचा तळ जमिनीत पुरायचा, म्हणजे तो मुळापासून तिथलाच वाटतो.

असे दगड दुकानात मिळत नाहीत. ते मिळाले बोर्ली पंचतनच्या पुढे, नानांच्या वाडीत. नाना निवृत्त मास्तर. दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला जाणार, म्हणून वाडी विकलेली. नव्या मालकाला काँक्रीटचं कंपाउंड हवं होतं. त्यामुळे गडगा, म्हणजे मातीचुन्याशिवाय नुसते दगड रचून केलेली भिंत, निघणार होता. खडीवाला येऊन बघूनही गेला होता.

"त्याने किती सांगितले?" मी विचारलं.

"त्याच्यापेक्षा कमी द्या."

असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी सावध झाले.

"भाव तुमचा, अट माझी," नाना म्हणाले. "दगड आहेत तसे ठेवायचे. गडगा माझ्या वडिलांनी रचलाय. आणि हा सपाट दगड बघा. आमची ही यावर बसून सुपारी सोलायची. कुठे बसवलात ते एकदा येऊन बघेन म्हणतो."

"सगळ्यात पुढे बसवते, नाना. शब्द माझा."

शेठला मी तोंडावर सांगितलं, "या दगडांना कोणी हात लावायचा नाही."

"अरे मॅडम, जपानमध्ये मॉसवर पाय ठेवला तर माणसं ओरडतात. मला काय शिकवता? कोणी टच नाही करणार."

गवंड्याने पहिला दगड सवयीने स्वच्छ बाजू वर करून ठेवला. मी एवढी ओरडले की स्वयंपाकी बाहेर आले. पुढचे सगळे नीट बसले. बारीक फवारे सोडून शेवाळ हिरवं ठेवलं. बाग खरंच देखणी झाली.

उद्घाटनाला मंत्री येणार होते. त्याच दिवशी सकाळी मी नानांना बोलावलं. ते दिघीहून बोटीने आगरदांड्याला उतरले. इस्त्रीचा सदरा, हातात माझ्यासाठी सुपारीची पिशवी. मी गाडीने त्यांना घेऊन गेले.

गेटपासून माडांच्या बुंध्यांना गेरू आणि वर चुन्याचा पट्टा. मोठा साहेब यायचा असला की आपल्याकडे मारतातच. पुढे बाग आली. प्रत्येक दगडाला खाली गेरू, वर चुना.

"आमचा कुठला?" नानांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. ते वाकले, हात पुढे केला आणि थांबले. रंग ओला होता.

"बसवलाय मात्र छान," ते म्हणाले.

मॅनेजर माझ्या तावडीत सापडला. "काय केलंस हे?"

"मॅडम, दगड हिरवे-काळे दिसत होते. मंत्री येणार. माडांना मारून बादली उरली होती. शेठना विचारलं, ते हो बोलले."

शेठ मागेच उभे होते. "एवढं काय? मॉस परत येईल ना?"

"चुन्याने शेवाळ मरतं, शेठ. घासायला गेलात तर उरलंसुरलंही निघेल. किती पावसाळे लागतील ते मलाही माहीत नाही."

"चला, मंत्री आले," म्हणून ते हार घ्यायला गेले.

जेट्टीवर बोटीची वाट बघताना नानांनी विचारलं, "पावसात धुऊन निघेल ना हो, ताई?" जगाशी भांडणारी मी, त्यांचं तिकीट काढायच्या निमित्ताने खिडकीकडे गेले.

धंद्याचा धडा एवढाच: झाड-दगड लावून काम संपत नाही. उरलेला रंग कुठे ठेवलाय ते बघूनच घरी जायचं.

पण नानांना उत्तर मी का द्यायचं? शेठ, हो तुम्ही म्हणालात. नाना दिवाळीपर्यंत वाडीतच आहेत. दिघीची बोट पकडा आणि त्यांच्यासमोर उभं राहून सांगा.