पुसलेली तीट

दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर एक बाई आपल्या तान्ह्या बाळाच्या गालाला काजळाची तीट लावत होती, दृष्ट लागू नये म्हणून. मग तिने बाळाचा फोटो काढला. फोनने चेहरा आपोआप नितळ केला आणि त्यात ती तीटच पुसली गेली. "डाग समजला मेला!" ती हसत मला म्हणाली.

मला हसता आलं नाही. माझ्या हनुवटीवर ठसठशीत तीळ आहे. "तुला देवानंच तीट लावून पाठवलंय," असं आई म्हणायची आणि मला ते अगदी खरं वाटायचं. पुढे फोनवर फोटो टाकायला लागले, आणि कोण कुठल्या चार लोकांना बरी दिसावी म्हणून दर वेळी तो तीळ पुसत गेले.

आईला हल्ली नावं आठवत नाहीत, खुणेनं माणूस ओळखते. गेल्या महिन्यात गावी गेले तर दारातच माझी हनुवटी चाचपून म्हणाली, "आलीस?" मग मी तिला कौतुकानं माझे फोटो दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली.

"गोड आहे गं पोरगी," ती म्हणाली. "कुणाची?"