अळणी सव्वीस दिवस

पहाटे परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला नाही, की मला अजून जाग येते. आवाजाने जागी होणारी माणसं जगात पुष्कळ. मी मात्र आवाज नाही म्हणून दचकून उठणारी. दोन तळव्यांमधून फिरणाऱ्या पिठाची ती पट् पट् लय, मग तापल्या तव्यावर पाण्याचा हात फिरताच उठणारा चर्र आवाज आणि घरभर पसरणारा बाजरीचा उष्ण, किंचित करपलेला गंध! माझं माहेर तासगावचं, द्राक्षांच्या मांडवाखालचं. लग्न होऊन माण तालुक्यात आले तेव्हा इथली उघडी माळरानं, दगड आणि उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ बघून मी धसका घेतला होता. त्या परक्या घरात मला पहिल्यांदा धीर दिला तो ह्या आवाजाने. जिथे पहाटे भाकरी थापली जाते तिथे माणसं आजचा दिवस जगायचं ठरवून उठलेली असतात, असं मला तेव्हा वाटे.

नव्वदच्या दशकातल्या एका फेब्रुवारीत आमच्या घरातला तो आवाज थांबला. दुष्काळ नव्हता, आजारपण नव्हतं. आमच्या ह्यांनी धान्य सोडलं होतं!

हे लांब पल्ल्याचे धावपटू. दिवसा दूध संकलन केंद्रावर कॅन उचलायचे आणि सकाळ-संध्याकाळ डांबरी सडकेवर मैलच्या मैल पळायचे. मार्चच्या अखेरीस सांगलीला बेचाळीस किलोमीटरची शर्यत होती. तिच्यातून राज्याच्या संघाची निवड व्हायची, आणि संघात नाव लागलं की खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात नोकरी. वयाच्या अटीत बसायचं ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं. त्यांचे गुरू म्हणजे आमच्या वाडीचे निवृत्त सुभेदार. फौजेत असताना स्वतः पळायचे. आता चार पोरांना पळवायचे. ह्या सुभेदारांच्या हाती कुठून तरी एक परदेशी मासिक लागलं. त्यात म्हणे लिहिलं होतं, की माणूस मुळात शिकारी. कंदमुळं, फळं, पाला आणि मांस हाच त्याचा खरा आहार, आणि धान्य हे अगदी अलीकडचं खूळ. ते सोडलं की देह हरणासारखा हलका होतो.

सुभेदारांनी आमच्या ओट्यावर बसून फर्मान काढलं. "गव्हू न्हाई, ज्वारी न्हाई, बाजरी न्हाई. शर्यत होईस्तवर भाकरीचा तुकडा तोंडात घालायचा न्हाई. आपला पूर्वज काय गिरणीत दळाण टाकत व्हता काय?"

मला तर हसूच फुटलं. माणदेशातला आदिमानव तरी काय खात असेल हो? निवडुंगाची बोंडं आणि घोरपड! पण सुभेदारांचा शब्द म्हणजे हुकूम. चौघांनी सुरुवात केली. चौथ्या दिवशी एक जण बहिणीच्या घरी चटणी-भाकरी खाताना सापडला, आठवड्यात आणखी दोघे गळाले. उरले एकटे आमचे हे. एकदा मनाशी गाठ मारली की ती दाताने सुटायची नाही, असा हा माणूस! सकाळी उकडलेली अंडी आणि रताळी, दुपारी पालेभाजी, जमेल तेव्हा मटण, आणि माझ्या वडिलांनी एस.टी.तून पाठवलेले बेदाणे. "पहाटे भाकरी करू नका, वासानं मन चळतं," असं त्यांनी सांगितलं, म्हणून आम्ही सासू-सुना ते कामावर गेल्यावर चूल पेटवू लागलो. पहाट मुकी झाली.

हसू किती दिवस टिकणार? आपल्याकडे धान्य सोडणं ही काही साधी गोष्ट नव्हे. आपण धान्याला अन्न म्हणतो, अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो; ताटात बाकी सगळं असून भाकरी नसेल तर 'जेवलो' असं कुणी म्हणत नाही. आणि अन्न सोडतं कोण? एक तर व्रतस्थ, नाही तर ज्याचा इथला शेर संपत आला तो. माझ्या आजीने शेवटच्या आठवड्यात दूध घेतलं, द्राक्षाचा रस घेतला, पण भाकरीचा कुस्करा तोंडाशी नेला की मान फिरवायची. तेव्हाच घरातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं होतं. ते बघणं मला लहान वयात कळलं होतं.

एका सकाळी हे अंडी खाऊन बाहेर पडले आणि सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) लेकाच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत बसल्या. गळ्याची हाडं वर आली होती, सदरा खांद्यावरून लोंबत होता.

"पोरी," आत्या म्हणाल्या, "धान्य सोडतंय ते व्रताचं मानूस. न्हायतर जायला निघाल्यालं."

"आवं आत्या, असं नका बोलू. शर्यतीसाठी हाय ते."

"मला काय कळतंय त्यातलं? पर देवाच्या नावानं धरल्यालं न्हाई त्येनं. भ्या वाटतंय बघ."

त्यांनी भीती बोलून दाखवली आणि मोकळ्या झाल्या. ती माझ्या पदरात पडली. भय हे असंच असतं, नाही का? ज्याच्या मनात उगवतं त्याच्याकडे ते राहीलच असं नाही. जिथे ओलावा मिळेल तिथे मूळ धरतं. मी बी.ए. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं बालवाडीत शिकवलेलं. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडता उजाडता मला उपाय सुचला. हे नुसतंच धान्य सोडणं आहे म्हणून अशुभ. तेच व्रत झालं तर पुण्य! माझी आई रविवारी सूर्याचा अळणी उपास करायची, दिवसभर मिठाचा कण तोंडात घ्यायची नाही. मी देव्हाऱ्यापुढे उभी राहिले आणि मनातल्या मनात बोलले: ह्यांची शर्यत सुखरूप पार पडू दे, तोवर ह्यांच्या आणि माझ्या ताटात मीठ पडणार नाही. बोललेलं कुणाला सांगायचं नसतं, सांगितलं की फुकट जातं. म्हणून सांगितलं नाही. आत्यांची भाजी वेगळी काढून तिच्यात मीठ घालायची. आमच्या दोघांची तशीच.

केवढं समाधान वाटलं मला! आता हा माणूस निराधार उपाशी नव्हता, देवाच्या हिशेबी लागला होता. पहिल्या दिवशी अळणी मटणाचा घास घेताना ते क्षणभर थांबले. मग ते मुकाट्याने जेवले. मला वाटलं, सुभेदारांच्या मासिकात मीठही बंद असेल असं समजले असतील; आदिमानवाकडे कुठली आली मिठाची बरणी?

पुढचे दोन आठवडे सगळं उत्तम चाललंय असंच वाटत होतं. सुभेदार सायकलवरून बरोबर जायचे, घड्याळ दाखवून खूश व्हायचे. वेळ दिवसेंदिवस कमी होत होती. मग ह्यांचं डोकं दुखायला लागलं. पोटरीत गोळे यायचे, ते रात्री उठून भिंतीला पाय रेटून उभे राहायचे. पाणी तर तांब्यामागून तांब्या. सडकेवरून परतले की बनियन अंगावरच वाळलेली असायची आणि तिच्यावर घामाच्या पांढऱ्या रेघा. ती बनियन मीच धूत होते! मीठ देहातून असं बाहेर पडताना रोज माझ्या हाताला लागत होतं, आणि मला वाटत होतं देव परीक्षा बघतोय. मी नेम आणखी घट्ट धरला. भ्यालेल्या माणसाला डोळे असून दिसत नाही, हे मी आता सांगू शकते. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पटलं असतं का? कोण जाणे.

माझ्या नेमाच्या सव्विसाव्या दिवशी सुभेदारांनी पूर्ण पल्ल्याची चाचणी घ्यायची ठरवली. म्हसवडच्या रस्त्याने जाऊन परत यायचं. निघाले सकाळी, पण येता येता ऊन चढलं. वाडी दीड-दोन किलोमीटरवर राहिली असताना हे वेडेवाकडे पळू लागले, सुभेदारांना भलत्याच नावाने हाक मारली आणि ओढ्याच्या मोरीपाशी कोसळले. ऊन लागलं म्हणून लोकांनी डोक्यावर पाणी ओतलं, तोंडात पाणी ओतलं, आणखी आणखी पाजलं. मी आणि आत्या पोचलो तेव्हा त्यांना आकडी येत होती. टेंपोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि डोळे उघडे असून मला ओळखत नव्हते. त्या डोळ्यांइतकं भयंकर मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही.

डॉक्टर तरुण होते, नुकतेच रुजू झालेले. त्यांनी भराभर विचारायला सुरुवात केली. किती पळाले, किती पाणी प्यायले, काय खातात. सुभेदार ताठ उभं राहून उत्तरं देत होते.

"आणि मीठ?" डॉक्टरांनी विचारलं. "मीठ खातात ना नीट?"

"व्हय की," सुभेदार म्हणाले. "मी धान्य बंद केलंय, मीठ न्हाई. मीठ रोज हाय."

डॉक्टर वळले. त्यांचा अंदाज दुसरीकडे जाऊ लागला होता, ते परिचारिकेला म्हणाले, "ऊनच लागलंय बहुतेक." आणि मी भिंतीला टेकून उभी! बोलले तर नेम मोडतो आणि ह्यांचं बरंवाईट होतं. बोलले तर आत्यांच्या, सुभेदारांच्या, सगळ्या वाडीच्या तोंडी 'बायकोनंच नवऱ्याला घालवलं' हे कायमचं. आणि नाही बोलले तर? किती वेळ गेला मला माहीत नाही, फार नसावा. पण मी गप्प राहिले, हे मी कधी विसरले नाही. मग ह्यांचा हात पुन्हा आकडला.

"मीठ न्हाई," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा ओरडले, "डॉक्टर, मीठ न्हाई दिलं मी! सव्वीस दिस झालं. कण न्हाई."

डॉक्टरांनी एक शब्दही वाया घालवला नाही. अंगातलं मीठ उतरलंय, नुसत्या पाण्याने ते आणखी पातळ होतंय, तोंडाने पाणी द्यायचं बंद करा म्हणाले आणि जास्त मिठाच्या सलाईनची बाटली मागवली. आत्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी माझ्या डोक्यावरून सुटलेला पदर सारखा केला आणि बाकावर जाऊन बसल्या. सुभेदार बाहेर लिंबाच्या झाडाखाली गेले आणि टोपी तोंडावर धरून रडले. मासिक त्यांचं, नेम माझा, आणि देह तिसऱ्याचाच.

ऊन उतरता उतरता हे शुद्धीवर आले. मला ओळखलं. मी पाय धरून सगळं सांगितलं: आजीचं, आत्यांच्या बोलण्याचं, देव्हाऱ्याचं. ते ऐकत राहिले आणि कोरड्या ओठांनी हसले.

"मला पयल्याच दिशी कळलं व्हतं," ते म्हणाले. "आईच्या वाटीतली भाजी चाखून बघितली म्या. तिच्यात मीठ व्हतं. तुझ्या ताटात न्हवतं. म्हनलं, बोलली आसंल देवाला काय तरी. इचारलं आसतं तर मोडलं आसतं."

शर्यत हुकली. वय उलटलं, पोलिसातली नोकरी गेली ती गेलीच. हे दूध केंद्रावरच राहिले. त्याबद्दल त्यांनी मला एका शब्दाने कधी दुखावलं नाही, आणि नेमकं तेच मला सोसत नाही. ज्या माणसाने ओरडावं, ताट भिरकावून द्यावं, तो माझ्या श्रद्धेला धक्का लागू नये म्हणून पोटरीत गोळे घेऊन पळत राहिला, ह्या विचाराने मी किती वेळा घामाघूम होऊन उठले आहे! आपल्यावर इतका विश्वास टाकणारं माणूस लाभणं हे भाग्य आहे, असं बायका मला म्हणतात. असेलही.

परवा पाहुणे गेल्यावर घाईत आमटी केली. ह्यांना वाढलं आणि मी दळण आणायला गेले. ते जेवून उठल्यावर मी माझं ताट घेतलं, पहिला भुरका मारला आणि हात तसाच राहिला. आमटीत मीठ नव्हतं. त्यांची वाटी पाहिली तर पार निपटून पुसलेली.

मी वाटी घेऊन ओट्यावर धावले. "आवं, आमटी अळणी व्हती! बोलायचं न्हाई व्हय?"

ते चप्पल घालत होते. वर बघून, कुणी ऐकू नये अशा बेताने, हळूच म्हणाले, "मला वाटलं, परत काय तरी बोललीस."