सहीचित्रातला जांभळा ग्रह

संक्रांत उलटून गेली की सेलूच्या दुपारींना एक निराळाच मऊपणा येतो. ऊन अंगावर पडते ते एखाद्या धुतलेल्या, वाळलेल्या, नुकत्याच घडी मोडलेल्या सुती पातळासारखे; आणि वाऱ्याच्या एखाद्या झुळुकीबरोबर कुठल्यातरी बागेतल्या संत्र्याच्या मोहोराचा वास अंगणापर्यंत येऊन जरासा रेंगाळतो. अशाच एका दुपारी माझे वडील अंगणातल्या खुर्चीवर बसले होते. प्लास्टर घातलेला उजवा पाय समोरच्या स्टुलावर, आणि नजर कुंपणाच्या तारेवर बसलेल्या वेड्या राघूवर. तो पक्षी क्षणभर उडून एखादा किडा टिपून परत तारेवर येई. आणि प्रत्येक वेळी बाबांच्या चेहऱ्यावर त्याच्याविषयीचा स्पष्ट हेवा दिसे.

आंजीच्या शेतात भाजीला पाणी देताना पाण्याच्या दांडातल्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि घोट्याजवळचे हाड मोडले. सहा आठवडे जमिनीला पाय लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. गावच्या घराला पायऱ्या फार, म्हणून भावाने त्यांना माझ्याकडे आणून सोडले. सत्तरीतला हा माणूस उभ्या आयुष्यात कधी रिकामा बसलेला मी पाहिला नव्हता. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या अंगणातल्या तुळशीला दिवसातून चारदा पाणी घालायला लावले. दुसऱ्या आठवड्यात ते गप्प झाले. नवरा रोज नागपूरला अपडाऊन करतो, तो सकाळीच निघून जाई. मी शाळेतून दुपारी परते. आणि मग संध्याकाळपर्यंत त्या घरात आम्ही दोघेच असू. जेवण, औषध, भावाचा फोन. एवढे झाले की आमचे बोलणे संपे. आमच्यात वैर नव्हते. पण फार वर्षांपूर्वी कुठेतरी बोलण्याची वाट मोडली होती, आणि तिच्यावर गवत वाढले होते.

मला मात्र दुपारी एक विरंगुळा होता. विज्ञानकथा वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या मराठी माणसांचा एक फोरम आहे. मी त्याची जुनी सभासद. आता फोरमचे दिवस सरले असे लोक म्हणतात, तरी आमची चाळीसेक माणसे अजून तिथे टिकून आहेत, जुन्या पारावर बसणाऱ्यांसारखी. तिथे मी नंदा नाही. तिथे माझे नाव निहारिका. प्रत्येकाच्या लिखाणाखाली एक लहानशी आडवी चित्रपट्टी येते, तिला आम्ही सहीचित्र म्हणतो. त्या महिन्यात फोरमवर ‘शंभर वर्षांनंतर’ या विषयाचा कथाउत्सव होता, आणि ज्याने त्याने भविष्यातले सहीचित्र करून लावले होते. माझ्या नावाखाली मात्र अजून कोरी जागा होती. इतक्या वर्षांत मी तिथे काही लावलेच नव्हते, आणि यंदा, का कोण जाणे, ती कोरी जागा मला पहिल्यांदाच बोचली.

म्हणून मी फुकट मिळणारे एक चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवून घेतले. त्यात चित्र एका कागदावर नसते; पारदर्शक काचा एकीवर एक ठेवाव्यात तसे त्याचे थर असतात, आणि कुठल्या थरावर आपण काम करतो आहोत हे विसरले की केलेले सगळे भलत्याच जागी उमटते. मी निळे आकाश केले, त्यात उंच, चकचकीत मनोरे उभे केले, मनोऱ्यांभोवती प्रकाशाची वलये फिरवली. तीन दुपारी खपून तयार झालेले ते चित्र इतर पंचवीस जणांच्या चित्रांसारखेच दिसत होते. आणि नाव लिहायला गेले तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी पेलेना. ‘निहारिका’तल्या वेलांट्या आपापली अक्षरे सोडून शेजारच्यांच्या डोक्यावर जाऊन बसल्या.

मी वैतागून हसले असेन, कारण बाबांनी मान वळवली.

“काय करून राह्यली व तू तीन दिवसांपासून?”

मी लॅपटॉप उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि हे शंभर वर्षांनंतरचे गाव आहे असे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला. शेतावरचे पीक पाहताना पाहतात तसे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यांनी ते पाहिले.

“इथं कोनी राह्यत नाई,” ते म्हणाले. “लाइट लावून ठेवले नुसते. खातेत काय हे लोक?”

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खरे होते.

त्याच दिवशी आंजीहून भावाने कोणाच्या तरी हाती भाजीची पिशवी पाठवली. बाबांनी ती आपल्याजवळ मागून घेतली आणि एकेक जिन्नस बाहेर काढून तपासू लागले. फुलकोबी, मुळे, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, ओली जुडी, जिच्या वासाने सारे अंगण एकदम हिरवे झाले. आणि शेवटी वांगी. त्यातले एक गोल, गर्द वांगे त्यांनी उन्हात धरून हळूहळू फिरवले. कलत्या सूर्याची तिरीप त्या सालीवर पडली, आणि जांभळ्या काळोखाच्या कडेने प्रकाशाची एक बारीक, वाकलेली रेघ पाझरत गेली. दुर्बिणीच्या छायाचित्रांत ग्रहांच्या कडा मी तशाच उजळलेल्या पाहिल्या होत्या.

“बाबा, हात हलवू नका,” मी ओरडले, आणि धावत जाऊन फोन आणला.

पुढचे चार दिवस आमचे अंगण हीच एक कार्यशाळा झाली. वांगे पार्श्वभूमीपासून कापून काढायचे तर त्याच्या कडेकडेने माऊस अगदी सावकाश फिरवावा लागतो. माझा हात घाई करी, आणि बाबा शेजारून, जणू मी नांगर धरला आहे अशा थाटात, सूचना देत. “दबकत जाय. वळन आलं का थांब.” फुलकोबीचे तुरे उलटे करून मी त्यांचे ढग केले. बाबांना मुळ्याचे अग्निबाण हवे होते. मी आधी साफ नकार दिला. मग एक करून पाहिला, आणि पांढऱ्या निमुळत्या टोकाने आकाशात घुसणारा, मागे हिरव्या पानांची ज्वाळा सोडणारा तो मुळा इतका ऐटबाज दिसला की मला शरण जावे लागले. वांग्याचा काटेरी देठ मी खोडून टाकणार होते. ग्रहाला कुठे देठ असतो? पण तो त्यांनी काढू दिला नाही. “देठ नसन तर ते लटकन कायले?” मी गुरुत्वाकर्षणाविषयी बोलू लागले. शाळेत विज्ञान शिकवते मी. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि देठ राहिला. मनोऱ्यांपैकी दोन ठेवले, बाकीचे पुसले. उरलेल्या दोहोंतला उजेडही त्यांच्या सांगण्यावरून इतका कमी केला की आता आत खरोखर कोणी स्वयंपाक करीत असावे असे वाटू लागले.

राहिले नाव. बाजारात भाजी पाठवताना पोत्यांवर नाव घालणारे माझे वडील. त्यांचे अक्षर ठसठशीत, थोडे डावीकडे झुकलेले. मी त्यांना कागद आणि जाड पेन दिले. ‘निहारिका’ म्हणजे काय ते त्यांनी आधी विचारून घेतले. आकाशातला धुळीचा आणि वायूचा ढग, ज्यातून तारे जन्मतात, असे मी म्हटल्यावर “मंग बरं हाये” म्हणाले, आणि एकाच दमात लिहून मोकळे झाले. त्या अक्षरांचा फोटो काढून, कागदाचा पांढरा रंग पुसून, मी तो सर्वांत वरच्या थरावर ठेवला.

रविवारी सकाळी सहीचित्र फोरमवर गेले. दुपारपर्यंत कौतुकाची रांग लागली. कोणीतरी विचारले, ग्रहाला ही धातूची झळाळी कुठल्या फिल्टरने आणली? मी वाचून दाखवले तसे बाबा इतके हसले की स्टुलावरचा पाय घसरता घसरता राहिला. “सांग त्याले, शेनखतानं.”

फोरमची एक गंमत मी विसरले होते. सहीचित्र बदलले की ते फक्त नव्या लिखाणाखाली दिसत नाही. आजवर लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली, कितीही जुनी असो, तेच चित्र येऊन बसते. बाबांना आपले वांगे पुन्हा पुन्हा पाहायचे होते, म्हणून ते मागे मागे जात राहिले. आणि चित्र पाहता पाहता त्यांनी वरचा मजकूर वाचायला सुरुवात केली, ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. मी लिहिलेले त्यांनी आजवर काहीच वाचले नव्हते. मी चहा टाकायला आत गेले. परत आले तेव्हा ते एका पानावर थांबले होते.

फोरमवरचे माझे अगदी पहिले लिखाण. कोणीतरी सर्वांना विचारले होते, तुम्ही विज्ञानाकडे कसे वळलात? मी लिहिले होते की पुण्याला जाऊन खगोलशास्त्र शिकायचे माझे ठरले होते, प्रवेशही मिळाला होता. पण वडिलांनी जाऊ दिले नाही, आणि का ते कधी सांगितले नाही. पुढे चारपाच ओळी होत्या. तरुण वयात लिहिलेल्या, धारदार.

त्या ओळींखाली जांभळा ग्रह होता, आणि त्यांच्याच अक्षरातली सही.

चहाचा कप माझ्या हातात होता. ते पान पुसून टाकता येते, हे मला ठाऊक होते. मी लॅपटॉपकडे हात नेला. बाबांनी माझा हात अलगद बाजूला सारला.

“राहू दे. खरंच तं लिवलं हाये.”

संत्र्याच्या वासाची एक झुळूक आली आणि गेली.

“राग नोयता व मले,” ते म्हणाले. “भेव वाटे. मी स्वता नागपूरच्या पुढं कधी गेलतो नाई. तू गेली असती आन् काई झालं असतं, तं तुले आनाले कसं जाव, हेच समजे नाई मले. आन् हे पोरीले सांगाव कसं?”

इतकी वर्षे जिला मी भिंत समजत होते, ती एका घाबरलेल्या माणसाची पाठ होती, हे समजून घ्यायला दोन ओळींपेक्षा जास्त वेळ लागतो. सगळा राग त्या दुपारी विरघळला, असेही मी म्हणणार नाही. काही थर खाली राहतातच. पण वरून प्रकाश टाकला की त्यांचा रंग बदलतो, एवढे खरे.

बाबांनी माझ्या हातातला कप घेऊन चहाचा घोट घेतला, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि माझ्याकडे वळून, शाळेत नव्याने नाव घातलेल्या मुलाच्या उत्सुकतेने विचारले,

“मले एक सांग. काय काय शिकवतेत मंग तिथं?”

मी खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसले, आणि सूर्यापासून सुरुवात केली.