चालते म्हणणारा तौहीद

तौहीदकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते हजेरी घेताना. दर्यापूरच्या शाळेत पाचवीचा वर्ग होता. एका नावाला उत्तर आलं नाही, तेव्हा खिडकीशी बसलेला बारीक मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो नाही आला. त्याची चप्पल नाही बाहेर." दारात चाळीसेक जोड पडलेले असत. कोणता कोणाचा, हे त्याला पाठ होतं.

हाच मुलगा कोणी "जेवला का रे?" म्हणून विचारलं तर गप्प राहायचा, नाहीतर खरं ते सांगायचा. एकदा हेडमास्तरांनी मायेनं जवळ घेऊन काही विचारलं, तर हात झटकून म्हणाला, "तुमच्या तोंडाले तंबाकूचा वास येते."

त्याची आई जहाँआरा गाद्या शिवायची. नवरा लवकर गेलेला. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, लोक म्हनतात, मी पोराले अदब नाही शिकवली."

मग आम्ही दोघींनी त्याला अदब शिकवली. मोठं माणूस काही विचारेल तर खाली बघायचं आणि "चालते, जी" म्हणायचं. मधल्या सुटीत वर्षभर मी हे घोकून घेतलं. तो शिकला, आणि सगळे खूश झाले. स्वमग्नता हा शब्द अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिला, तोवर तो दहावीत गेला होता.

पुढे उत्तमरावांच्या जिनिंगमध्ये त्याला काम मिळालं. कापसाच्या गठाणींवर पत्र्याचा साचा ठेवून काळ्या रंगानं नंबर टाकायचे. चार वर्षांत एकही नंबर चुकला नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दर्यापुरात तपासणीचं शिबिर लागलं. नाकात काडी जाताच तौहीद उसळला. तिघांनी त्याला धरून ठेवलं. टेबल उलटलं, त्यानं स्वतःचं मनगट चावून रक्त काढलं, आणि घरी येऊन तो धान्याच्या कोठीमागे जाऊन बसला. अकरा दिवस बोलला नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत उत्तमरावांनी फाटकावर कागद लावला: लशीचा दाखला आणि दर सोमवारी नाकाची तपासणी, नाहीतर आत प्रवेश नाही. जहाँआरा त्यांच्याकडे सूट मागायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "सरकारी डॉक्टरची चिठ्ठी आन. आठ दिवस थांबतो. मग दुसरा मानूस पाहीन."

सातव्या दिवशी आम्ही अमरावतीला निघालो. एसटीचा संप चालू होता, म्हणून गावातल्या शालिकरामची भाड्याची जीप. तौहीद खिडकीशी, मधे मी, म्हणजे त्याला कोणाचा धक्का लागायला नको.

"बाई, पोराले खिडकी देल्ली," शालिकराम म्हणाला, "पन मांगच्या खेपेले त्यानं मले सांगतलं का तू सतरा वेळा हॉर्न वाजवला. माह्या बायकोनंबी इतका हिशोब नाही ठेवला कधी!"

जहाँआरा हसली नाही. सगळा रस्ता ती अकोल्याचा कागद पदराखाली धरून होती.

मोठ्या दवाखान्यात दुपारी दोनला आमचा नंबर लागला. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. त्यांनी कागद पाहिला आणि सरळ तौहीदलाच विचारलं. मला ते आवडलंही.

"तौहीद, लस घ्यायला काही अडचण आहे का?"

"नाही, जी. चालते."

"आणि नाकाची तपासणी?"

"चालते, जी."

जहाँआरा घाईनं पुढे सरकली. डॉक्टरांनी पेन उचललं. "ताई, मुलगा तयार आहे. तुम्हीच त्याला घाबरवून ठेवलंय."

"साहेब, तो तसाच म्हनते..."

"चोवीस वर्षांचा आहे तो. त्याचं त्याला बोलू द्या."

मी मधे बोलले. त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"त्याची शिक्षिका. हे 'चालते' मी शिकवलेलं आहे, डॉक्टर."

"म्हणजे?"

मी तौहीदकडे वळले. जे विचारणार होते ते मलाच सहन होत नव्हतं. "तौहीद, डॉक्टरांनी तुझा हात कापला तर?"

"चालते, बाई," तो खाली बघून म्हणाला.

जहाँआरानं तोंडाला पदर लावला. डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला. दारातून कोणीतरी ओरडलं, "साहेब, काहून इतका टाइम लावून राहिले?"

"त्याला चालतं का, असं विचारू नका," मी म्हणाले. "काय झालं होतं, ते विचारा. तो खोटं सांगत नाही."

डॉक्टरांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "तौहीद, शिबिरात काय झालं होतं?"

"तेवीस एप्रिल," तौहीद म्हणाला. आवाज हजेरीतल्यासारखा सपाट होता. "तीन मानसं. एकाच्या हातात पितळी कडं. कडं मानेवर दाबलं. काडी लांब होती. मले वाटलं मी मेलो. मग आवाज नाही आला. अम्मीनं अकरा दिवस खिचडी केली."

बोलताना त्याचा अंगठा मनगटावरच्या वणावर फिरत होता. डॉक्टरांनी ते पाहिलं.

"लशीतून कायमची सूट मला देता येणार नाही," ते म्हणाले. "त्याला तसा आजार नाही, आणि लस त्याच्या फायद्याची आहे. नाका-घशाच्या तपासणीतून पूर्ण सूट लिहितो. लस सहा महिने पुढे. तीही घरी, ओळखीच्या नर्सकडून, कोणीही न धरता." त्यांनी लिहिलं, शिक्का मारला.

उत्तमरावांनी दुसऱ्या दिवशी फाटकातच चिठ्ठी दोनदा वाचली. "बाकीचे म्हनतीन, त्याले सूट, आमाले काहून नाही?"

"त्यांना मनगट दाखवायला सांगा," मी म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. मग म्हणाले, "बाई, माह्या पोराइच्या शाळेतबी तुमी अशाच होत्या. जा रे, तौहीद, साचा घे. पन त्या कोपऱ्यातल्या शेडात बसजो, एकटाच."

"चालते, जी," तौहीद म्हणाला. या वेळी मला वाटतं, त्याला खरंच चालत होतं.

लस त्यानं त्या ऑगस्टमध्ये घेतली, आपल्या अंगणात, बेबीताई नर्सकडून, तिच्या चौथ्या खेपेला. पहिल्या तिन्ही खेपांना ती फक्त चहा पिऊन गेली.

तौहीद आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. त्याच जिनिंगमध्ये आहे, आणि दुपारचा डबा शेडातच एकटा खातो.