काहूनसरांची खुर्ची

बालाघाटच्या आमच्या धान-संशोधन केंद्रात हात असलेली, गादीची अशी एकच खुर्ची होती आणि ती सरांची होती. दौऱ्यावर आलेल्या वरिष्ठांपुढेही सर बिनदिक्कत स्टूल सरकवायचे. पण कोणी दारात घुटमळत "सर, माह्या हातून चूक झाली" म्हणालं की ते ताडकन उठायचे आणि आपली खुर्ची त्याला द्यायचे. स्वतः स्टुलावर बसून, गोष्ट ऐकायला मिळणार म्हणून हरखलेल्या पोरासारखे पुढे झुकायचे. चौकीदारानं एकदा दोन वाफ्यांच्या पाट्यांची अदलाबदल केली होती. तो त्या खुर्चीच्या कडेवर कसाबसा टेकला आणि चहा येईपर्यंत त्याला घाम फुटला होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे हंगामी संशोधन-सहायक म्हणून लागले. सरांचं खरं नाव पाटीवर होतं, पण सगळे त्यांच्या पाठीमागे त्यांना काहूनसर म्हणत, कारण 'का' असं विचारायला त्यांच्या तोंडी सतत 'काहून' असायचं. दूध उतू गेलं तर काहून? यंदा बगळे पलीकडच्याच बांधावर काहून? चहावाल्याला तर ते नकोसे झाले होते. चूक झाली की मात्र या सवयीचं मोल कळायचं. "'कोणं केलं' म्हटलं का माणूस लपते," ते म्हणायचे, "अन् 'काहून झालं' म्हटलं का चूक सोताहून बाहेर येते."

माझं काम होतं कणी मोजण्याचं. धान भरडल्यावर तांदूळ किती अख्खा राहतो आणि किती तुटतो, यावर वारासिवनीचे गिरणीवाले भाव ठरवतात. म्हणून दर वाणाचा शंभर ग्रॅम तांदूळ घेऊन अख्खे दाणे एका ताटलीत आणि कणी दुसऱ्या ताटलीत वेचायची, मग दोन्हींचं वजन करायचं. त्या वर्षी वाण-निवडीच्या शेवटच्या फेरीत दोनच वाण उरले होते. एक सरांनी आठ वर्षं खपून तयार केलेला. दुसरा परसवाड्याकडच्या फगनीबाईचा, तिच्या सासूपासून घरात चालत आलेला. फगनीबाईच्या तांदळात अख्खे दाणे कमी भरले. शिफारस सरांच्या वाणाची गेली, अहवाल छापून झाला, आणि आम्ही केंद्रात पेढे वाटले.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे तराजू, सूक्ष्मदर्शक, भरडायचं यंत्र पुसून पूजेला मांडलं. अक्षतांना अख्खे तांदूळ हवेत, आणि ते तर माझ्यासमोर ताटलीत वेचून तयारच होते. मी हात घातला आणि तो तसाच थांबला. गेल्या वर्षीही मी हेच केलं होतं. मूठभर दाणे उचलून कुंकू लावलं होतं, सुट्टी संपल्यावर उरलेल्याचं वजन केलं होतं. आणि ती ताटली फगनीबाईच्या तांदळाची होती.

खोटं कशाला बोलू, तीन दिवस मी गप्प बसले. नोकरी हंगामी होती. सरांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांच्या नावावर हा एकच वाण राहणार होता. कोणाला कधी कळलंही नसतं. चौथ्या दिवशी मी दारात उभी राहिले, आणि सर नेहमीसारखे उठले.

त्या खुर्चीत बसून मी रडत रडत सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते, तर त्यांचे डोळे लकाकले. "तुही मूठ केवढी आहे?" त्यांनी मला पाच वेळा मूठ भरायला लावली आणि पाचही वेळा तराजूवर तोलली. मग राखून ठेवलेल्या पोत्यांतलं त्याच वर्षीचं धान काढलं. दोन्ही वाण पुन्हा भरडले, पुन्हा वेचले. या खेपेला सर स्वतः माझ्याशेजारी वेचायला बसले होते. फगनीबाईचा तांदूळ सरांच्या तांदळापेक्षा कमी तुटत होता.

सर बराच वेळ जुनी नोंदवही चाळत राहिले. मग म्हणाले, "ऊठ पोरी. आता मले बसू दे तिथं."

मला कळेना. त्यांनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. अख्खे दाणे आणि कणी, दोन्हींची बेरीज शंभर भरतच नव्हती. खाली त्यांची सही होती. "तू मूठ उचलली ते तुले आठवलं नाही. हे तर माह्या डोळ्यापुढं होतं. जिंदगीभर ज्याले त्याले काहून विचारत फिरलो, अन् माहा वाण जिंकला तं एकदाही विचारलं नाही."

हेडक्लार्कनं समजावलं, पुढच्या अहवालात आकडा हळूच दुरुस्त करून टाका, गवगवा कशाला? सर म्हणाले, "हळूच केली का ते दुरुस्ती नाही राहत भाऊ, चोरी होते." पत्र त्याच संध्याकाळी गेलं. शिफारस मागे घेतल्याचं त्यात लिहिलं होतं, मुठीची हकीकत होती, न जुळलेली बेरीज होती. माझं नाव नव्हतं. मी भांडले, तर म्हणाले, "सही कोणाची आहे?"

मग आम्ही बसनं परसवाड्याला गेलो. फगनीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहब, सालभर गाँव हँसा हम पर। बोले, तेरा चावल फेल हो गया।" सर तिच्या ओसरीवर खाली बसले होते. "फेल हम हुए थे, बाई," ते म्हणाले. ती आत गेली आणि कोठीतलं मूठभर धान आणून तिनं त्यांच्या हातावर ठेवलं. गाव हसलं तरी ते बी तिनं सोडलं नव्हतं.

सरांच्या नावावर वाण राहिला नाही. पुढे फगनीबाईचा वाण त्या भागात पेरला जाऊ लागला आणि आपलाच असल्यासारखं सर त्याचं कौतुक सांगत फिरले. निवृत्त होऊन तिरोडीला मुलाकडे गेले आणि काही वर्षांतच वारले. मला फार उशिरा कळलं.

केंद्रातली ती खुर्ची आता माझी आहे. गादी दोनदा बदलली. चूक सांगायला कोणी आलं की मी उठतेच, त्यात काही मोठेपणा नाही, सवय लागली आहे. अवघड ते दुसरंच. एखादा आकडा अगदी मनासारखा येतो, खोलीत कोणी नसतं, आणि तरी मी खुर्चीतून उठते, स्टूल ओढते आणि पुन्हा मोजायला बसते.