शेंड्याचं पान

म्हसरूळच्या झुंबरबाईंचा हातगुण दिंडोरी रस्त्यावरच्या कुठल्याही रोपवाटिकेत विचारावा. डाळिंबाच्या फांदीची साल काढून, ओलं शेवाळ लावून त्यांनी गुटी बांधली की मुळ्या फुटणारच. त्यांचा नियम एकच, कोवळ्या शेंड्याला हात लावायचा नाही. शेंडा म्हणजे झाडाचं लेकरू, असं म्हणत त्या नव्या पोरींच्या हातावर चापट मारायच्या. याच नियमानं त्यांचा घात केला.

सटाण्याकडे धाकटा भाऊ सहादू डाळिंब लावायचा. तेल्या रोगानं त्याची बाग दोनदा उपटावी लागली होती. म्हणून डाळिंबावर संशोधन करणाऱ्या उज्ज्वला मॅडमच्या जाळीघरात काम मिळालं तेव्हा बाईंना केवढा हुरूप! मॅडमनी एका डाळिंबात तेल्याला दाद न देणारा जीन घातला होता. त्या झाडाच्या बियांपासून साठ रोपं झाली होती, आणि निम्म्यांत तरी तो उतरायला हवा होता. पान औषधात टाकायचं. जीन जागा असेल तर ते निळं होतं. ज्या रोपाचं पान निळं होणार नाही ते त्याच आठवड्यात भट्टीत जाळायचं, असा प्रयोगाचा कडक नियम होता.

"शेंड्याचं कोवळं पान आणा हं, झुंबरबाई," मॅडमनी बजावलं.

एवढीशी रोपं, त्यांचे शेंडे खुडवतील कसे? पान ते पान, असं मनाशी म्हणून बाईंनी खालची जून पानं नेली. एकही निळं झालं नाही. साठही रोपं बाईंनी आपल्या हातानं भट्टीत घातली.

पुढच्या सोमवारी मॅडमनी खात्रीसाठी मूळ झाडाचं पान मागवलं. बाईंनी सवयीनं खालचंच दिलं. त्यानं रंग धरला नाही. मॅडम चक्रावल्या, स्वतः जाऊन शेंडा खुडून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो निळाशार!

"जून पानात जीन झोपतो वाटतं," मॅडम पुटपुटल्या आणि एकदम वळल्या. "बाई, रोपांची पानं शेंड्याचीच होती ना?"

बाईंनी मान हलवली.

"हो मॅडम, शेंड्याचीच."

मॅडमनी विश्वास ठेवला. जीन पुढच्या पिढीत उतरत नाही, असा अहवाल गेला. महिन्याभरानं प्रयोगाची परवानगी संपली, मूळ झाडही जाळलं, आणि मॅडम मान खाली घालून दुसऱ्या गावी गेल्या. ते झाड उभं होतं तोवर बोलता आलं असतं. पुन्हा बी धरता आलं असतं. पण लोक अडाणी म्हणतील, झुंबरचा हातगुण गेला म्हणतील, या भीतीनं बाईंनी तोंड उघडलं नाही. त्या साठांतली तीस तरी चांगली असणार, हे त्यांच्या मनातून अजून जात नाही.

यंदा सहादूची तिसरी बाग गेली. झुंबरबाई त्याच्याकडे गेल्या, तर तो उपटलेल्या झाडांच्या ढिगापाशी बसलेला.

"अक्का," तो म्हणाला, "त्या मॅडमले काही जमनं नही ना?"

बाईंनी ढिगातली एक फांदी उचलली. शेंडा अजून हिरवा होता.

"नही रे," त्या म्हणाल्या, "नही जमनं तिले."