ळ कुठे बसतो

आमच्या माहेरी डेटाबेसवरून अबोला झाला होता. सासरी मी हे सांगितलं नाही, कारण डेटाबेस म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती. माहिती ओळीने लावून ठेवायची आणि मागितली की काढून द्यायची, एवढंच त्या सॉफ्टवेअरचं काम. त्यातली दोन फुकट मिळतात आणि कुणालाही त्यांचं पोट उघडून आत पाहता येतं: पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल. पहिल्याचं चिन्ह हत्ती, दुसऱ्याचं डॉल्फिन. मी गुरुग्रामच्या एका ऑफिसात बारा वर्षं हत्ती सांभाळते आहे. माझा दादा गाझियाबादला राहतो, नोएडात डॉल्फिन सांभाळतो आणि मला अतिशहाणी म्हणतो.

आम्हा हत्तीवाल्यांना मालक नाही. सगळं मेलवर चर्चा करून ठरतं, आणि एका स्वल्पविरामावर महिनाभर चर्चा चालू शकते. दिल्लीच्या मराठी मंडळात वाढल्यामुळे मला तिथे लगेच घरच्यासारखं वाटलं. डॉल्फिनचं घर एका मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेलं, तेव्हा नाराज मंडळींनी वेगळी चूल मांडली. ती भाऊबंदकी दादा दर दिवाळीला सविस्तर सांगतो. त्याच्या लोकांचं ब्रीद एकच, "हो जाएगा यार." आणि ते होतंही, हे मला फार लागतं.

भांडण पेटलं ते बाबांच्या वहीवरून. बाबा एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या एका सोसायटीत राहतात. माझी मुलगी दहा वर्षांची. ती त्यांच्याशी बोलायला मराठीत सुरुवात करते आणि वाक्य हिंदीत संपवते. एकदा ती गेल्यावर बाबा मला म्हणाले, "दोन वर्षांनी ही माझ्याशी पाहुण्यासारखी बोलेल." दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली. वर्षभर त्यात ते शब्द आणि अर्थ लिहीत होते: ओशाळणे, हिरमुसणे, किडूकमिडूक, पागोळी. पण वही म्हटली की माझी मुलगी हात मागे घेते. म्हणून ते सगळं टॅबलेटवर हवं होतं.

अट एकच होती. क्रम वर्णमालेचा हवा. "ळ हा ह नंतर," बाबा म्हणाले, "मग क्ष, मग ज्ञ. तुमच्या यंत्राला येत नसेल तर यंत्राला शाळेत घाला."

हे बोलणं मंडळाच्या बसमध्ये झालं. आम्ही पानिपतचं काला अंब स्मारक पाहून परत येत होतो. हे काम कोणाच्या डेटाबेसने करायचं यावर दादाचा आणि माझा आवाज असा चढला की पुढच्या सीटवरच्या काकू मागे वळून बसल्या. बाबा म्हणाले, निदान पानिपतावरून परतताना तरी भांडू नका, तिथे आधीच पुरेसं बिघडलंय. शेवटी ठरलं की दोघांनीही करायचं.

माझा पहिला प्रयत्न बाबांनी तसाच परत केला. 'काळजी' हा शब्द 'काला' आणि 'कावळा' यांच्या मधे जाऊन बसला होता, आणि 'क्षमा' चक्क क मध्ये. मी हत्तीवाल्यांना मेल टाकला. पहिल्याने विचारलं, कोणती आवृत्ती वापरता. दुसऱ्याने मॅन्युअलचं पान दाखवलं. तिसऱ्याने माझा प्रश्नच चुकीचा असल्याचं सिद्ध केलं आणि योग्य प्रश्न कोणता हेही सांगितलं. पण त्या तिघांतून एवढं कळलं की मराठीच्या क्रमाचा नियम आत आहे, फक्त तो नाव घेऊन मागावा लागतो. मागितला. ळ मुकाट्याने ह च्या मागे जाऊन उभा राहिला. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात पेढे वाटले, आणि कशाचे ते कोणालाच समजावता आलं नाही.

दादाच्या डॉल्फिनकडे मराठीचा असा तयार नियम नव्हता. त्याने त्यांच्या ग्रुपवर विचारलं तर चार मिनिटांत उत्तर आलं, एक कॉलम और डाल दो. त्याने प्रत्येक शब्दाला पाठीमागून एक गुप्त क्रमांक चिकटवला आणि त्या क्रमांकाप्रमाणे यादी लावली. मी याला जुगाड म्हटलं. बाबांनी चष्मा पुसून दोन्ही याद्या तपासल्या, दोन्ही बरोबर निघाल्या, आणि ते दादाला म्हणाले, "हा तर डायरी नंबर! ऑफिसात आलेल्या प्रत्येक कागदावर आम्ही घालायचो तसा. याला म्हणतात पद्धत." मी त्या दिवशी श्रीखंड खाल्लं नाही. अबोला इथून सुरू झाला.

दोन आठवड्यांनी, रविवारी, आमच्या कामाची परीक्षा होती. मंडळाच्या मराठी वर्गातून माझी मुलगी थेट द्वारकेला आली होती आणि तिला गृहपाठ होता, आजोळ या विषयावर पाच ओळी. शब्दाचा अर्थ तिला येत नव्हता. बाबांचा चेहरा खुलला. टेबलावर दोन टॅबलेट, एकात हत्ती, दुसऱ्यात डॉल्फिन, आणि दोन्हींत बिनचूक क्रम. तिने क्रमाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ शोधायच्या चौकटीत गेली आणि लिहिलं, आजोल.

शब्द सापडला नाही. तिने दुसऱ्या टॅबलेटवर लिहिलं. तिथेही सापडला नाही.

"अगं, ळ लिही," मी आणि दादा एकदम म्हणालो. दोन आठवड्यांतलं आमचं ते पहिलं एकमत.

"वही तो लिखा है," ती म्हणाली.

ती हट्ट करत नव्हती. तिला खरंच दोन्ही एकच ऐकू येत होतं. शाळेत, लिफ्टमध्ये, मैत्रिणींत दिवसभर ज्या भाषेत ती बोलते, तिच्यात ळ कधी लागतच नाही. आम्ही दोघांनी महिनाभर ते अक्षर कुठे बसवायचं यावर डोकं फोडलं होतं, आणि जिच्यासाठी बसवलं तिच्या कानात ते नव्हतंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी तिला विचारलं, आता काय करशील. ती अगदी शांतपणे म्हणाली, "कोई दूसरा टॉपिक ले लूँगी."

बाबा उठून आत गेले. मला वाटलं रागावले. हा माणूस लग्नपत्रिकेतलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पत्रिका परत पाठवणारा. पण ते वही घेऊन आले, पेनाचं टोपण काढलं आणि जिथे जिथे ळ होता त्या प्रत्येक शब्दापुढे आपल्या सुबक अक्षरात ल घालून तोच शब्द पुन्हा लिहायला लागले. ओशालणे. पागोली. आजोल.

"तिला ऐकू येतं तसंही सापडलं पाहिजे," ते मान वर न करता म्हणाले. "चुकीच्या दाराने आली तरी घरातच येईल ना."

मग दादाने आणि मी एकाच टेबलावर बसून ते भरलं. शब्द हत्तीत गेले आणि चुकीच्या स्पेलिंगांचा जादा कॉलम दादाच्या पद्धतीने. हे मी आमच्या हत्तीवाल्यांना अजून कळवलेलं नाही.

चहाच्या वेळी तिने पुन्हा आजोल लिहिलं. या वेळी उत्तर आलं: आजोळ, आईचे माहेर, आईचे वडील राहतात ते घर. तिने एकेक अक्षर लावत वाचलं. मग तिने हॉल पाहिला, सोफा, बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे, आणि शेवटी बाबांकडे पाहिलं.

"मतलब, ये वाला घर?"

"हो," बाबा म्हणाले. "हेच."

"मग आधी सांगायचं ना," ती म्हणाली, आणि सबंध वाक्य मराठीत होतं हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिने कागद ओढला आणि पहिली ओळ लिहिली: माझं आजोल द्वारकेत आहे. बाबांनी ती वाचली, त्यातला ल पाहिला, आणि समासात सही करून कागद तिला परत दिला.